अर्धवट गोधडीची सांगता

।। श्रीगुरुदेव दत्त ।।

दत्तभक्तहो, आपल्याकडे कोणतेही व्रत घेताना आधी संकल्प सोडतात आणि शेवटी सांगता करतात. श्रीगुरुचरित्राचा सप्ताहच घ्या. सात दिवसांचे वाचन संपले म्हणून कोणी पोथी लगेच बासनात बांधून ठेवत नाही. अवतरणिका वाचायची, नैवेद्य दाखवायचा, आरती करायची, चार माणसे जेवू घालायची, तेव्हा कुठे सप्ताह पुरा होतो. संकल्पाला उत्साह लागतो, आणि तो आपल्याकडे भरपूर असतो. सांगतेला चिकाटी लागते. आणि कधी कधी चिकाटीहूनही अवघड असे काहीतरी लागते. ते काय, हे मला एका गोधडीने दाखवले. तेवढेच या दत्तजयंतीच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवतो.

गोधडी हा विषय दत्तसंप्रदायाला परका नाही. श्रीदत्तात्रेयांच्या नावे असलेल्या अवधूतगीतेच्या सातव्या अध्यायाच्या आरंभीच अवधूताच्या वस्त्राचे वर्णन आहे. वाटेवर पडलेल्या चिंध्या गोळा करून केलेली कंथा, हे त्याचे वस्त्र. कंथा म्हणजे आपली गोधडीच की! जगाने टाकलेले तो उचलतो, जोडतो आणि अंगावर घेतो. आपल्या आया-आज्या वेगळे काय करत होत्या? लुगडे विरले की त्याचे जुनेर व्हायचे आणि जुनेराची गोधडी. फाटके म्हणून घरात काही टाकून द्यायचे नाही. एकटे कापड थंडी अडवत नाही, पण पाच-सात थर एका धाग्यात आले की ऊब येते. संतसंगतीचा अर्थ याहून सोपा करून कोण सांगणार!

आमच्या हिने अशीच एक गोधडी घातली होती. सहा फूट लांब, चार फूट रुंद. वर माझ्या आईची दोन नऊवारी, आत माझे पूजेचे जुने धोतर, मुलांचे लहानपणचे कपडे, माझे कचेरीत घालायचे शर्ट. तिचा संकल्प होता की, मार्गशीर्षात पायी वाडीला, म्हणजे नृसिंहवाडीला, निघालेली माणसे आपल्या देवळाच्या ओवरीत रात्री उघड्यावर निजतात, त्यांच्यापैकी कुणाला तरी ही द्यायची. निम्म्याहून थोडी अधिक शिवून झाली आणि दत्तमहाराजांनी तिला बोलावून घेतले. सुई शेवटच्या टाक्याशी तशीच टोचलेली. मुलीने ती घडी कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवली. नऊ वर्षे ट्रंक कोणी उघडली नाही.

गेल्या वर्षी विजयादशमीला मी ती बाहेर काढली. कुणी म्हणाले, शिंप्याकडे द्या, मशीनवर तासाभरात होईल. पण ज्याचा संकल्प त्याने, नाहीतर त्याच्या घरच्याने पुरा करावा, अशी आपली रीत. शेजारच्या ऐंशी वर्षांच्या काकूंनी मला धावदोरा शिकवला. गोधडी कडेने सुरू करतात आणि फेऱ्या घालत आत आत येतात. दोन ओळींत साधारण अर्ध्या इंचाचे अंतर. हे बघता बघता मनात आले, अरे, ही तर प्रदक्षिणा आहे! बाहेरची फेरी मोठी, आतली लहान, आणि मधोमध देव.

मग टाक्यागणिक नाम घ्यायचे ठरवले. एकशे आठ टाके म्हणजे एक माळ. बँकेत दिवसाचा ताळा जमल्याशिवाय घरी न आलेला माणूस मी, त्यामुळे रोजचे रोज पुरे करण्याची सवय अंगात होती. संध्याकाळी दिवा लावला की एक माळ शिवायची. जास्त नाही, कमी नाही. सुरुवातीच्या एका फेरीला तीन माळा, म्हणजे तीन दिवस लागत. माझे टाके काही तिच्यासारखे बारीक नव्हते. तिची ओळ कुठे संपते आणि माझी कुठे सुरू होते, हे आंधळ्यालाही बोट फिरवून कळेल. मी तसे म्हणालो तर काकू म्हणाल्या, "अरे बाबा, गोधडी बघायला नसते, पांघरायला असते."

या काळात गुरुचरित्रातला नरहरी सारखा आठवायचा. कुष्ठाने पीडलेल्या त्या ब्राह्मणाला श्रीनृसिंहसरस्वतींनी औदुंबराचे वाळलेले लाकूड दिले आणि सांगितले, संगमावर हे रोव आणि पाणी घाल. लोक हसले. वाळक्या लाकडाला कधी पालवी फुटते का? तो मात्र पाणी घालत राहिला. पुढे महाराजांनी कमंडलूतले पाणी शिंपडले, लाकूड पालवले आणि त्याची कायाही शुद्ध झाली. पालवी फोडणे त्याच्या हातात नव्हते. पाणी घालणे तेवढे होते. आपल्या वाट्याला आलेली रोजची घागर आपण ओतावी. उरलेले ज्याचे त्याच्याकडे.

पण मंडळी, खरी परीक्षा पुढेच होती. कार्तिक वद्य पक्ष सुरू झाला, फेऱ्या लहान होत गेल्या. जेमतेम तीन ओळी उरल्या आणि हात चालेना. सुई ओवायची, घडी मांडीवर घ्यायची आणि नुसते बसायचे. असे दोन-तीन दिवस गेले, तेव्हा कारण उमगले. गोधडी अर्धवट होती तोवर तिचे काम चालू होते. काम टाकून कोणी स्वयंपाकघरात गेले असावे आणि आत्ता परत येईल, असे काहीतरी मनात होते. शेवटचा टाका घालणे म्हणजे ती आता येणार नाही, हे मान्य करणे. त्यातच मुलगा म्हणाला, "बाबा, आईच्या हातची एवढीच वस्तू आहे. पुरी करा, पण देऊ नका. घरात राहू दे."

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांत एक कपोत आहे, म्हणजे कबूतर. पिल्ले जाळ्यात सापडली म्हणून कबुतरी जाळ्यात गेली, ती गेली म्हणून तोही डोळ्यांदेखत जाळ्यात शिरला. पूर्वी ही कथा मला जरा कठोर वाटायची. बायका-मुलांवर माया करू नये की काय? आता तिचा अर्थ असा लागतो की, अवधूत माया सोडायला सांगत नाही, जाळे ओळखायला सांगतो. तिची आठवण ही माया. तिची गोधडी ट्रंकेत धरून बसणे हे जाळे. तिने संकल्प केला होता कुणाला तरी ऊब देण्याचा. तो मोडून तिची वस्तू जपली, तर जपले काय? कापड. आणि घालवले काय? तिचे मन. मुलालाही हे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग मीच उचलून नेतो देवळात."

कार्तिक वद्य त्रयोदशीला शेवटचा टाका पडला.  मार्गशीर्ष शुद्ध पक्षात ओवरीत पायी निघालेले एक वृद्ध जोडपे उतरले होते, त्यांच्या अंगावर मुलाने ती घातली. आजीबाईंनी लुगड्याचे काठ चाचपून पाहिले आणि म्हणाल्या, "कुणाच्या हातची हो? दोन हात दिसतात." मुलगा म्हणाला, "आईबाबांच्या." चिकाटीहून अवघड काय, असे सुरुवातीला म्हटले ते हेच. पुरे झालेले हातातून सोडणे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी अशी एखादी ट्रंक असते. वडिलांनी बोललेला आणि फेडायचा राहिलेला नवस असेल, आईची अर्ध्यावर राहिलेली पोथी असेल, भावाशी अर्धवट तुटलेले बोलणे असेल, नाहीतर जमिनीचा, घराचा कागद करायचा राहिला असेल. वय झाले, आता कुठे, असे म्हणू नये. एका दिवसात पुरे करण्याचा हट्टही धरू नये. दत्तजयंतीला संध्याकाळी पाळणा हलवताना महाराजांना सांगावे की, रोज एक माळ एवढे काम माझे. मग ती रोजची माळ सोडू नये. काम जसे आत आत येईल तशी फेरी लहान होत जाते, हा अनुभव ज्याचा त्याने घ्यावा. आणि पुरे झाले की ज्याच्यासाठी होते त्याच्या हाती देऊन मोकळे व्हावे.

महाराज आपणा सर्वांकडून अशी एकेक सांगता करवून घेवोत, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.

।। अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ।।