न दिसणारं दुखणं

बैलाचा खांदा सुजला, तर त्याला कुणी कामचुकार म्हणत नाही. सूज दिसते ना! माझे सांधे, पाठ, मान सगळं ठणकतं, पण एक्स-रे साफ, रक्त साफ. मग गावात म्हणतात, "तात्या, मनाचे खेळ हे." न दिसणारं दुखणं खोटं असतं का?

परळच्या केईएममध्ये त्याला नाव मिळालं: फायब्रोमायल्जिया. यात सांधा झिजत नाही. मेंदू आणि मज्जातंतूच वेदना वाढवून पोचवतात. अमेरिकेतल्या संधिवाताच्या डॉक्टरांनी 1990 साली ठरवलं होतं, अंगावरच्या 18 जागा दाबायच्या. 11 दुखल्या तर हा आजार. 2010 साली त्यांनीच नवी रीत काढली: रोग्याला विचारा, कुठं कुठं दुखतं, थकवा किती, झोपून उठल्यावर ताजं वाटतं का. म्हणजे शास्त्रानंही शेवटी माणसाचा शब्द पुरावा धरला.

लालबागला थोरल्या बहिणीच्या चाळीत असलो की रोज बेताबेतानं चालणं वाढवतो, वेळेवर झोपतो. दुखणं जात नाही, आवरतं. बहीण विचारते, "आज कसं आहे रे?" सांगितलं ते खरं मानते. माझ्या अंगातलं तिला दिसत नाही, तिच्या गुडघ्यातलं मला दिसत नाही. एकमेकांच्या शब्दावरच चाललंय.