नोटिशीचे दुसरे पान

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकाला एक काम असे करावे लागते, जे बी.एड.च्या अभ्यासक्रमात कुठेच नसते. मुलांच्या घरी आलेले मराठी कागद वाचून दाखवण्याचे काम. विजेच्या बिलामागचा मजकूर, रेशन कार्यालयाचे पत्र, कधी कोर्टाचे समन्स. आम्ही राहतो बाळकुमला, शाळा आहे थोडी दूर. तिच्या गावाचे नाव येथे सांगत नाही, कारण जो कागद आमच्या हाती आला तो ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही जुन्या भिंतीवर सापडेल.

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या शेवटी सहावीतला एक मुलगा वडिलांना घेऊन आला. वडील लूमवर काम करणारे, उत्तर प्रदेशातून आलेले, त्यांना उर्दू वाचता येते, मराठी नाही. अक्षरे जवळजवळ तीच असूनही हिंदीसुद्धा त्यांनी कधी वाचलेली नव्हती. हातात इमारतीच्या दारावरून काढून आणलेली नोटीस. आम्ही वाचून सांगितले की ही इमारत अतिधोकादायक ठरली आहे, ती तात्काळ रिकामी करावी, न केल्यास होणाऱ्या जीवित वा वित्तहानीस महापालिका जबाबदार राहणार नाही. वडील गप्प राहिले. मुलाने कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. "सर, कुठे जायचं ते दुसऱ्या पानावर असेल ना? ते पान पडलं का?"

मुलाला उत्तर काय दिले ते आज आठवत नाही. बहुधा काहीच दिले नाही. पण प्रश्न मनातून गेला नाही, आणि तो फक्त इमारतींचा नाही असे पुढे लक्षात येत गेले. ज्याला धोका ठाऊक आहे, त्याने तो दुसऱ्याला सांगितला की त्याची जबाबदारी संपते का?

आपल्याकडे सरकारी पूर्वसूचनेची चर्चा निघाली की ती २६ डिसेंबर २००४ पासून सुरू होते, आणि ते योग्यच आहे. सुमात्राजवळ समुद्राखाली भूकंप झाला तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजले होते. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर लाट पोचायला त्यानंतर दोन तासांहून अधिक वेळ लागला. दोन तास म्हणजे बाळकुमहून निघालेला माणूस गर्दीतसुद्धा चर्चगेटला पोचतो. तरी आपल्या देशात दहा हजारांहून अधिक माणसे गेली. त्या सकाळी हवामान खात्याचा फॅक्स विज्ञानमंत्र्यांऐवजी माजी विज्ञानमंत्र्यांच्या घरी गेला, हे तेव्हा वर्तमानपत्रांतून गाजले होते. सरकार बदलून सात महिने झाले होते, पण पत्त्यांच्या यादीत ते बदलले नव्हते. लोक यावर हसले. आम्हांला मात्र त्यात हसण्यासारखे फारसे दिसत नाही. कुठल्याही कार्यालयात, आमच्या शाळेतही, अशी एखादी जुनी यादी भिंतीवर असतेच.

चार दिवसांनी उलटा प्रकार घडला. ३० डिसेंबरला अमेरिकेतल्या एका खासगी संस्थेच्या अंदाजावर विसंबून केंद्रीय गृहमंत्रालयाने पुन्हा लाट येऊ शकते असा इशारा दिला. आधीच होरपळलेली माणसे पोरेबाळे उचलून पळत सुटली, मदतकार्य थांबले, आणि लाट आली नाही. विज्ञानमंत्र्यांनीच तो अंदाज निराधार ठरवला. न दिलेला इशारा आणि पोकळ इशारा, दोन्ही एकाच आठवड्यात.

त्यानंतर काम झाले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. डिसेंबर २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. ऑक्टोबर २००७ पासून हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेत त्सुनामी पूर्वसूचना केंद्र चालू झाले. भूकंपमापकांच्या नोंदी, समुद्रतळावरचे दाबमापक, किनाऱ्यावरची भरती मोजणारी यंत्रे यांची माहिती तिथे एकत्र येते आणि मोठा भूकंप झाल्यावर दहाएक मिनिटांत पहिली सूचना निघते. जगातल्या चांगल्या केंद्रांत त्याची गणना होते. सरकार काहीच करीत नाही, असे म्हणण्याची आपल्या लोकांना सवय आहे. ती सवय येथे उपयोगाची नाही.

आणि आपला किनाराही सुरक्षित आहे असे नाही. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ, आजच्या पाकिस्तानात, मोठा भूकंप झाला. त्याची लाट सकाळी आठच्या सुमारास मुंबईला पोचली, सुमारे दोन मीटर उंच. त्या वेळच्या नोंदींप्रमाणे मुंबईत पंधराएक माणसे वाहून गेली, काही वर्सोव्याला, काही हाजी अलीपाशी. भूकंप आणि लाट यांत चारपाच तास होते. सांगणारे कुणी नव्हते, म्हणून ती माणसे किनाऱ्यावर होती. आज तसा भूकंप झाला तर सांगणारे आहेत. तेव्हा १९४५ चा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे. मुलाने विचारलेला प्रश्न तसाच आहे.

तो कुठे सुटला होता हे पाहायचे तर दोन गावे आठवतात. एक पुदुच्चेरीजवळचे नल्लवाडू. सिंगापूरला असलेल्या गावच्या एका तरुणाने टीव्हीवर बातमी पाहिली आणि घरी फोन केला. गावात स्वामिनाथन फाउंडेशनचे माहिती केंद्र होते. त्याच्या लाउडस्पीकरवरून रोज समुद्राची स्थिती सांगितली जाई. त्या दिवशी त्याच लाउडस्पीकरवरून किनारा सोडायला सांगितले गेले. घरे गेली, होड्या गेल्या, माणसे वाचली. दुसरे सुमात्राजवळचे सिम्युलू बेट. तिथली वस्ती आपल्यासारखीच कलमा पढणारी. १९०७ साली तिथे अशीच लाट येऊन पुष्कळ लोक मेले होते. तेव्हापासून आज्या नातवंडांना 'स्मोंग'ची गोष्ट सांगत आल्या: जमीन जोरात हलली, समुद्र मागे हटला, तर काही न घेता डोंगरावर पळा. २००४ मध्ये लाट तिथे दहा मिनिटांच्या आत पोचली. कोणतेही केंद्र तेवढ्या वेळात कुणाला वाचवू शकले नसते. बेटावर सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार लोक होते, सात मेले.

सिम्युलूचे उदाहरण बहुतेक वेळा पूर्वजांच्या शहाणपणाची तारीफ करण्यासाठी दिले जाते. आम्हांला त्यात दुसरेच दिसते. त्या गोष्टीत डोंगर आहे. पळा एवढेच तिच्यात नाही, कुठे पळा तेही आहे, आणि तो डोंगर सगळ्यांचा आहे, तिथे चढायला डिपॉझिट लागत नाही. नल्लवाडूच्या लाउडस्पीकरने सांगितले तेव्हा मागे मोकळी जमीन होती.

येथे हजरत नूह अलैहिस्सलाम यांची आठवण होणे आपल्या वाचकांना स्वाभाविक वाटेल. साडेनऊशे वर्षे त्यांनी कौमला सावध केले. मदरशात ही कथा ऐकताना आमचे सारे लक्ष न ऐकणाऱ्या लोकांकडे असे, त्यांची थट्टा, त्यांचा हट्ट. शिक्षक झाल्यावर त्यातली एक साधी गोष्ट ध्यानात आली. नूह नुसते इशारा देऊन थांबले नाहीत. त्यांनी नाव बांधली. जो सावध करीत होता त्याच्याच हातात हातोडी होती. म्हणूनच त्यांचा मुलगा नावेत न चढता डोंगराकडे गेला आणि बुडाला, तेव्हा दोष मुलाचा ठरतो. नाव समोर उभी होती, जागा होती, बापाने हाक मारली होती. नाव बांधलीच नसती तर? तरीही तो दोष मुलाचाच म्हटला असता का? आम्ही आलिम नाही, तेव्हा यावर फतवा देण्याचा आव आणत नाही. पण न्यायाची साधी जाण सांगते की ऐकणाऱ्यावर दोष जातो तो त्याला जाता येण्याजोगी वाट असेल तेव्हाच.

आता २० जुलै २०२३ ची सकाळ घ्या. साडेदहाच्या आगेमागे महाराष्ट्रातले असंख्य मोबाइल एकदम कर्कश वाजू लागले. आम्ही वर्गात होतो, मुले दचकली. पडद्यावर आधी इंग्रजीत, मग मराठीत संदेश: ही केवळ चाचणी आहे, काही करण्याची गरज नाही. यंत्रणा उत्तम चालत होती. त्याच वेळी रायगड जिल्ह्यात इरशाळवाडीच्या चिखलात माणसे शोधली जात होती. आदल्या रात्री डोंगर त्या ठाकरवाडीवर कोसळला होता. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न जण मिळालेच नाहीत. दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत इरशाळवाडीचे नाव नव्हते. या योगायोगाचा दोष कुणाला द्यायचा नाही, चाचणीची वेळ आधीच ठरलेली असणार. पण त्या दिवसापासून फोनची ती किंकाळी आमच्या कानांत निराळी वाजते.

इरशाळवाडी यादीत नव्हती. यादीत असून काय होते ते भिवंडीत दिसले. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली. ती १९८४ च्या सुमाराची होती. कित्येक माणसे गेली, त्यांत लहान मुले पुष्कळ. इमारतीला आधीच नोटीस दिली होती, असे महापालिकेने सांगितले. कोरोनाचे दिवस होते, लूम बंद पडून पुन्हा कसेबसे सुरू होत होते. मदतीला ठाण्याहूनही पथके गेली. मुंबई उच्च न्यायालयाने अशा दुर्घटनांची स्वतःहून दखल घेतली. आम्ही त्या दिवसांत जिथे जाऊ तिथे एकच वाक्य ऐकत होतो, आपल्याच लोकांकडून: नोटीस दिली होती ना, मग राहिले कशाला?

हे वाक्य बोलणाऱ्यांत दुष्ट कुणी नव्हते. त्यांच्या बाजूनेही काही आहे. काही भाडेकरू पागडीच्या हक्कासाठी अडून बसतात, हे खरे. घर सोडले की पुन्हा मिळणार नाही ही भीती त्यांना असते, आणि ती भीती अनुभवातून आलेली असते. काही जण तकदीरवर हवाला ठेवतात. त्यांना आधी उंट बांध आणि मग तवक्कुल कर ही पैगंबरांची शिकवण ऐकवली जाते. शिकवण सोळा आणे खरी. फक्त उंट बांधायला खुंटा लागतो, आणि भाड्याच्या खोलीत खुंटा मालकाचा असतो. महापालिकेचेही म्हणणे ऐकावे. दर पावसाळ्यापूर्वी याद्या होतात. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्त करायची, सी-३ म्हणजे किरकोळ. इतक्या कुटुंबांना ठेवायचे कुठे, संक्रमण शिबिरे अपुरी, पैसा नाही. हे सारे खरे असेल. पण मग नोटिशीतले शेवटचे वाक्य, ते जबाबदार नसल्याचे, कोणत्या अधिकाराने लिहायचे? जागा देता येत नाही हे मान्य करणे वेगळे, आणि जागा न देता जबाबदारी झटकणे वेगळे. पहिल्यात नाइलाज आहे. दुसऱ्यात नोटीस राहणाऱ्यासाठी उरत नाही, ती लिहिणाऱ्याच्या बचावासाठी फाइलमध्ये जाऊन बसते.

इतके लिहून झाल्यावर स्वतःकडे वळणे भाग आहे. शाळेतल्या आपत्ती व्यवस्थापन समितीचे काम आमच्याकडे आहे. वर्षातून एकदा फॉर्म भरायचा असतो: मॉक ड्रिल घेतली का? आम्ही 'होय' लिहीत आलो. ड्रिल म्हणजे घंटा वाजायची आणि मुले एका जिन्याने रांगेत मैदानात यायची. दुसऱ्या जिन्याच्या दाराला कुलूप असे, कारण तिथे मोडकी बाके ठेवली होती. मुलांना आम्ही सांगत होतो, आग लागली तर जवळच्या जिन्याने उतरा. अर्ध्या वर्गांना जवळचा जिना तो कुलूपवाला होता. आमच्या सहीने पाच वर्षे ते फॉर्म गेले. २६ जुलै २००५ ला आम्ही नववीत होतो, अब्बा दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी आले, त्या रात्री अम्मीने सरकारला काय काय म्हटले ते आम्हांला अजून पाठ आहे. आणि आमचा स्वतःचा जिना बंद होता.

त्या मुलाच्या वडिलांनी त्या दिवशी निघताना विचारले होते, "मास्टरसाब, पढ़ तो दिया आपने, अब हम जाएँ कहाँ?" आम्ही म्हणालो, कुणा नातेवाइकाकडे पावसाळ्यापुरती सोय बघा. त्यांनी मान हलवली. बाळकुमच्या आमच्या दोन खोल्यांत चार माणसे राहतात, आणखी पाच मावली नसती, असे आम्ही घरी जाताना बसमध्ये स्वतःला समजावले. कशेळीच्या बाजूला आभाळ भरून आले होते. आम्ही नोटीस वाचली, अर्थ सांगितला, आणि आता आपण सुटलो असे आम्हांला खरोखर वाटले होते. त्यात आणि त्या शेवटच्या वाक्यात फरक किती?

पुढे दोनतीन शिक्षक मिळून त्या कुटुंबासाठी डिपॉझिटची थोडी रक्कम उभी करण्याचा प्रयत्न झाला. निम्मी जमली. तोपर्यंत ऑगस्ट उजाडला, आणि त्यांनीच सांगितले की आता पाऊस ओसरत आला, राहू द्या. इमारत त्या वर्षी पडली नाही. मोडकी बाके आम्ही भंगारात काढली आणि दुसऱ्या जिन्याच्या कुलपाच्या दोन किल्ल्या करवून घेतल्या, एक शिपायाकडे, एक आमच्या खिशात. मुख्याध्यापकांनी विचारले की कुलूपच काढून का टाकत नाही. चोरीची भीती वाटते म्हणून, असे आम्ही उत्तर दिले. त्यावर ते काही बोलले नाहीत.

मुलगा आता दहावीत आहे. मराठी विषयात त्याला बरे गुण पडतात. यंदाची नोटीस त्याने आमच्याकडे आणली नाही, घरी स्वतःच वाचून दाखवली.