मनात आलेला विचार माझा असतो का?

साधकहो, जपाला बसल्यावर अचानक इष्टदेवतेविषयी अभद्र विचार मनात आला, तर ते पाप ठरते का?

काही जणांच्या मनात असे विचार नको असताना दिवसभर येत राहतात. त्यांचा दोष लागू नये म्हणून ते पुन्हापुन्हा क्षमा मागतात, हात धुतात, माळ पहिल्या मण्यापासून सुरू करतात. क्षणभर बरे वाटते आणि शंका परत येते. मराठीत याला मंत्रचळ म्हणतात, डॉक्टर ओसीडी म्हणतात. हा आजार आहे, श्रद्धेतली खोट नव्हे.

आम्ही इंदिरानगरात राहतो. तिथून फार लांब नाही, होसूर रस्त्यावर निम्हान्स ही राष्ट्रीय संस्था आहे. तिथे ओसीडीसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे आणि रुग्णांच्या मेंदूच्या एमआरआय प्रतिमांवर संशोधनही होते. जगभरच्या अशा संशोधनातून दिसते, की या आजारात कपाळामागचा मेंदूचा भाग आणि खोलवरची काही केंद्रे यांच्यातील देवाणघेवाण बिघडलेली असते. मात्र केवळ प्रतिमा पाहून एखाद्याला ओसीडी आहे असे सांगता येत नाही. त्यासाठी डॉक्टरांना त्याच्याशी बोलावेच लागते.

मग सारे मेंदूच करतो, आपल्या हाती काहीच नाही, असे समजायचे का?

१९९२ साली लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी एक छोटा पण महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही रुग्णांना औषध दिले, तर काहींना वर्तनोपचार. वर्तनोपचारात भीती वाटते ती गोष्ट समोर येऊ देतात, पण नंतरची धुण्याची किंवा तपासण्याची क्रिया करायची नाही, असा सराव करून घेतात. ज्यांना बरे वाटले, त्यांच्या मेंदूतील कॉडेट या केंद्राची वाढलेली हालचाल दोन्ही उपायांनी कमी झाली होती. गोळीने जिथे बदल घडला, तिथेच सरावानेही घडला.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो, मन वाऱ्यासारखे आवरायला कठीण आहे. भगवंत हे नाकारत नाहीत, त्याला रागावतही नाहीत. ते अभ्यास आणि वैराग्य हा मार्ग सांगतात. विचार येणे हे आपले कर्म नाही. तो आल्यावर आपण काय करतो, तिथे कर्म सुरू होते. विचाराला पाहणारा विचाराहून वेगळा आहे, हे साधनेत आपण ऐकतोच.

पण हे तत्त्वज्ञान उपचाराच्या जागी ठेवू नका. अशा माणसाला "जप वाढव" असे सांगितले, तर जपही त्याच्यासाठी हात धुण्यासारखाच होऊन बसतो. फरक ओळखायचा असेल तर पाहा: भक्तीतला नेम चुकला तर हळहळ वाटते, मंत्रचळातला चुकला तर थरकाप होतो.

आपल्या घरात किंवा सत्संगात कुणी असे झुरत असेल, तर त्याला पापाची भीती घालू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना सोबत जा. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क सल्ला मिळतो. ही सोबत करणे हीसुद्धा सेवाच आहे.