साठा फुटतो तेव्हा

मार्च 2022 मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी सोन्याची 216 नाणी आणि काशाच्या भांड्याचा एक तुकडा ताब्यात घेतला. चिखली भागात बांधकामासाठी खोदाई चालू असताना ती नाणी मजुरांच्या हाती लागली होती आणि कुणाला न कळवता घरी गेली होती. बातम्यांत वजन आलं, 2 किलो 357 ग्रॅम. किंमत आली, सुमारे 1 कोटी 30 लाख. काळ आला, साधारण 1720 ते 1750. दोन-चार दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला.

वजनाला नाण्यांच्या संख्येनं भागलं तर एका नाण्याला 10.9 ग्रॅम येतात. हे मुघल मोहोरेचं वजन. वर्तमानपत्रातल्या दोन आकड्यांवरून एवढं कळत असेल, तर तो सगळा साठा टेबलावर मांडून एकेक नाणं वाचलं तर काय काय कळेल? दिल्लीत तेव्हा मुहम्मदशाहाची कारकीर्द होती, 1719 ते 1748. इकडे बाजीरावांना 1720 मध्ये पेशवाईची वस्त्रं मिळाली, दहा वर्षांनी शनिवारवाड्याचा पाया घातला गेला. माळवा, गुजरात, बुंदेलखंड इथून पुण्याकडे पैसा वाहू लागला तो याच काळात, आणि तरीही बाजीरावांच्या पत्रांत कर्जाची तक्रार संपत नाही. त्या 216 मोहोरांपैकी सुरतेच्या टांकसाळीच्या किती, शाहजहानाबादच्या किती, बुऱ्हाणपूरच्या किती? सगळ्यात अलीकडचं साल कोणतं? ते नाणं कोरं आहे की हातोहात फिरून झिजलेलं? एका मोहिमेवरून परतलेल्या शिलेदाराच्या थैलीत एक-दोन टांकसाळींची, जवळजवळच्या सालांची नाणी सापडतील. वर्षानुवर्षं व्याजबट्टा करणाऱ्या सावकाराच्या हंड्यात सरमिसळ असेल. पुरणारा माणूस कोण होता, याचं उत्तर एका मोहोरेत मिळत नाही. ते नाण्यांच्या आपसातल्या प्रमाणात असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. सापडलेल्या नाण्याचं खरं मोल त्याच्या सोबत्यांत असतं, आणि आपला बाजार, आपला कायदा व आपल्यातले बरेच संग्राहक ती सोबतच सगळ्यात आधी मोडतात.

महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण नाशिकजवळच्या जोगलथेंबीचं. 1906 मध्ये तिथे क्षहरात राजा नहपानाची चांदीची सुमारे 13 हजार 250 नाणी मिळाली. रेव्हरंड स्कॉट यांनी ती तपासली, तेव्हा त्यातल्या 9 हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला आढळला. नहपानाच्या चेहऱ्यावर सातवाहनांची चिन्हं. क्षहरातांचा निःपात केल्याचा दावा पांडवलेण्यातल्या शिलालेखात होताच. पण शिलालेख जिंकणाऱ्याच्या घरचा. जोगलथेंबीच्या साठ्यानं त्याला चांदीची साक्ष दिली, शिवाय राज्य बदललं तरी जुनं चलन बाद न करता वर शिक्का मारून चालवलं गेलं, हेही दाखवलं. ही नाणी सुटी होऊन दहा-दहा, वीस-वीस अशी वेगवेगळ्या पेटाऱ्यांत गेली असती, तर दोनतृतीयांश नाणी पुन्हा ठसवलेली आहेत हे कुणालाही कळलं नसतं. प्रमाण दिसायला सगळी नाणी एकत्र लागतात.

सोन्याचं उदाहरण हवं असेल तर राजस्थानातल्या बयानाचं घ्यावं, कारण ते काम एका मराठी माणसानं केलं. फेब्रुवारी 1946 मध्ये भरतपूरच्या महाराजांच्या शिकारीनंतर काडतुसांची रिकामी टोपणं वेचणाऱ्या गावातल्या मुलांना तांब्याचं भांडं सापडलं. काही नाणी गावात वाटली गेली, काही आटवली गेली. वाचली ती 1 हजार 821. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. अनंत सदाशिव आळतेकरांनी त्यांची सूची केली, ती 1954 मध्ये प्रसिद्ध झाली. दुसऱ्या चंद्रगुप्ताची 983, पहिल्या कुमारगुप्ताची 628, समुद्रगुप्ताची 183 आणि स्कंदगुप्ताचं एक. ते एकच नाणं सगळ्या साठ्याची तारीख सांगतं. स्कंदगुप्त नुकताच गादीवर आला असताना, हूणांच्या स्वारीच्या धास्तीनं हे भांडं पुरलं गेलं असावं, असा तर्क आळतेकरांना त्यावरून करता आला. गावात आटलेल्या नाण्यांत नेमकं तेच असतं, तर? हा विचार मनात आला की मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

समुद्रात बुडालेलं जहाज हा याहूनही नेमका साठा. जमिनीतल्या हंड्यात पिढ्यान्‌पिढ्या भर पडलेली असू शकते, जहाज मात्र एका दिवशी बुडतं. जुलै 1715 मध्ये हवानाहून स्पेनकडे निघालेल्या ताफ्यातली अकरा जहाजं फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ वादळात फुटली. त्यातली आठ एस्कुदोंची सोन्याची नाणी जगभरचे संग्राहक शोधत असतात. सुमारे 27 ग्रॅमचा, छिन्नीनं तोडलेला आणि हातोड्यानं ठोकलेला ओबडधोबड तुकडा. ठसा मोठा, तुकडा लहान, त्यामुळे साल पुष्कळदा काठाबाहेरच राहून गेलेलं. अशा बिनसाली नाण्याची निदान एक बाजू जहाज पक्की करतं. 1715 नंतरचं ते असूच शकत नाही. म्हणूनच तिकडे जहाजाच्या नावाचं प्रमाणपत्र असलं की नाण्याचा भाव चढतो. सोबतीचं मोल तिथल्या बाजारानं ओळखलं, पण फक्त कागदापुरतं. राज्याचा ठरलेला वाटा सोडला तर बाकीची नाणी बुडी मारणाऱ्या कंपन्या आणि भांडवल लावणारे यांच्यात वाटली जातात आणि पांगतात.

स्पेननं याविरुद्ध दाद मागितली. 1804 मध्ये बुडालेल्या ‘मेर्सेदेस’ या जहाजावरची पाच लाखांहून अधिक नाणी एका अमेरिकी कंपनीनं 2007 मध्ये वर काढली होती. अमेरिकेच्या न्यायालयांनी स्पेनचा हक्क मान्य केला आणि 2012 मध्ये तो सगळा साठा स्पेनला परत गेला. पेरूनंही त्यावर हक्क सांगितला होता, कारण बरीच नाणी लिमाच्या टांकसाळीतली. त्या वादात मला पेरूबद्दल सहानुभूती वाटते. तरीही साठा अखंड राहिला, हे मोठं काम झालं.

स्पेनच्या वसाहतींतल्या धातूचा आपल्याशी संबंध नाही असं समजू नये. ईस्ट इंडिया कंपनीचं ‘जोआना’ जहाज 1682 मध्ये सुरतेला येता येता आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी बुडालं, त्यावर पेट्याच्या पेट्या स्पॅनिश चांदी होती. ती पोहोचली असती तर सुरतेच्या टांकसाळीत वितळून तिचे रुपये झाले असते. त्याच टांकसाळीचे 1113 हिजरीचे औरंगजेबी रुपये 1961 मध्ये श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्रतळाशी मिळाले. थैल्यांचं कापड कुजून गेलं होतं, पण नाणी एकमेकांना चिकटून थैलीच्याच आकाराचे गोळे झाले होते. व्यापाऱ्यानं पैसे कसे भरले, हे त्या गोळ्यात जसंच्या तसं उरलं.

याच्या उलट गोष्ट मुंबईच्या रुपयांची. ऑक्टोबर 1942 मध्ये ‘सिटी ऑफ कैरो’ हे जहाज सुमारे 100 टन चांदीचे रुपये घेऊन मुंबईहून निघालं. 6 नोव्हेंबरला जर्मन पाणबुडीनं ते दक्षिण अटलांटिकमध्ये बुडवलं. पाच हजार मीटरहून खोल पाण्यातून या शतकात ते रुपये वर काढले गेले आणि बहुतेक वितळवून चांदीच्या भावात विकले गेले. युद्धाच्या ऐन भरात भारतातून नेमकं कोणत्या सालांचं नाणं बाहेर जात होतं, याचा पुरावा मुशीत गेला.

पुण्यात नाण्यांचे जाणकार पुष्कळ आहेत. बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे, प्रदर्शनं भरतात, भारत इतिहास संशोधक मंडळाचा नाणेसंग्रह आहे. संग्राहकांबद्दल मला आदर आहे. त्यांनी दाम मोजले नसते तर कितीतरी होन आणि मोहोरा सोनारानं केव्हाच आटवल्या असत्या. पण प्रदर्शनातलं एखादं टेबल नीट पाहावं. पारदर्शक पाकिटात मोहोर असते. काठाशी डाखाचा बारीक डाग, म्हणजे कधीतरी तिला कडी लावून गळ्यात घातलेली. खाली चिठ्ठी असते. बादशहाचं नाव, टांकसाळ, हिजरी साल, ग्रॅम, दर. ती कुठल्या गावात, कशात, कशासोबत सापडली यासाठी चिठ्ठीवर जागाच नसते. विचारलं तर ‘एका लॉटमधला पीस आहे’ इतकं उत्तर येतं. लॉट कुठला, हे विचारणं शिष्टाचाराला सोडून मानलं जातं. माझ्या मते संग्रहाची सुरुवातच त्या प्रश्नापासून व्हायला हवी, आणि तो विचारल्यानं विक्रेता नाराज झाला तर होऊ द्यावा.

मात्र सगळा दोष संग्राहकाच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. विक्रेता गप्प बसतो कारण मजूर गप्प बसलेला असतो, आणि मजुरानं गप्प बसावं अशीच कायद्याची रचना आहे. 1878 चा गुप्तधन कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेलं 10 रुपयांहून अधिक मोलाचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद. याच कायद्यात एक चांगली तरतूदही आहे. मूळ मालक मिळाला नाही आणि दुसरा काही करार नसला, तर तीन चतुर्थांश वाटा सापडवणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा. हे किती मजुरांना ठाऊक असेल? पण सरकारनं तो साठा स्वतःकडे घ्यायचं ठरवलं तर मोबदला ठरतो धातूच्या किमतीवर, अधिक तिचा एकपंचमांश. म्हणजे जोगलथेंबीची सगळी कहाणी कायद्याच्या लेखी चांदीच्या भावावर वीस टक्के. शिवाय चौकशी, पंचनामा, वाट पाहणं. सोनार त्याच संध्याकाळी पैसे मोजतो. इंग्लंडच्या 1996 च्या कायद्यानं स्वतंत्र समितीकडून बाजारभाव ठरवून तो सापडवणाऱ्याला देण्याची सोय केली. तिथेही चोऱ्या होतात, पण कळवण्यात माणसाचं नुकसान होत नाही.

पुण्याच्या पेठांत रोज एखादा वाडा उतरतो आहे आणि त्याच्या जोत्याखाली जेसीबी उतरतो आहे. ज्या काळात माणसं पैसा घरातच पुरून ठेवत, त्या काळातली ही घरं. बांधकाम परवानगीच्या कागदात एक साधी अट घालता येईल. नाणी किंवा भांडी निघाली तर खोदाई तेवढ्या जागी थांबवायची, जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवायचं, आणि सापडवणाऱ्याचा वाटा किती हे कामाच्या जागी मराठीत आणि हिंदीत, मजुराला वाचता येईल असं लिहून लावायचं. सरकारजमा झालेल्या प्रत्येक साठ्याची यादी, प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंच्या छायाचित्रांसह, ठरावीक मुदतीत सर्वांसाठी खुली करायची. डेक्कन कॉलेज आणि इतिहास संशोधक मंडळ या शहरात आहेत, नाणकशास्त्राची संस्था नाशिकजवळ अंजनेरीला आहे. वाचणारे डोळे आपल्याकडे आहेत. त्यांच्यासमोर साठा अखंड पोहोचायला हवा.