बैल मारका आहे हे मालकाला ठाऊक होते



निर्गम ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात मोशेच्या नियमशास्त्रातील एक साधा नियम आहे. रविवारच्या वाचनांत तो सहसा येत नाही. एखाद्याच्या बैलाने शिंग मारून माणसाचा जीव घेतला, तर बैलाला ठार करावे, त्याचे मांस कोणी खाऊ नये आणि मालकाला दोष लावू नये. मात्र तो बैल पूर्वीपासून मारका असेल, मालकाला तशी ताकीद मिळालेली असेल आणि तरीही त्याने बैल आवरला नसेल, तर बैलाबरोबर मालकही दोषी. घटना तीच, मृत्यूही तोच. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी मालकाला ठाऊक होते.

आपल्या जिल्ह्यात वाघाविषयी जे बोलले जाते ते ऐकताना आम्हांला हा नियम आठवतो. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रियांचा एका वाघिणीने एकाच दिवशी बळी घेतला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या आवारातच एका कामगाराला वाघाने मारले; तिथे कोणी जंगलात शिरले होते असेही म्हणता येत नाही. अशा प्रत्येक घटनेनंतर एकच मागणी होते : कायदा बदला, गोळी घालू द्या. केरळ विधानसभेने ऑक्टोबर २०२५ मध्ये तसे विधेयक मंजूरही केले. माणसावर हल्ला करणाऱ्या प्राण्याला मारण्याचा आदेश लवकर देता यावा, म्हणून केंद्राच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात राज्यापुरता बदल करणारे ते विधेयक आहे. आपल्या भागात सेवा करणाऱ्या अनेक धर्मगुरूंची व धर्मभगिनींची घरे केरळात आहेत. तिथे हत्ती आणि रानडुक्कर, इथे वाघ आणि रानडुक्कर. प्रश्न एकच आहे.

१९७२ चा कायदा का आला, हे तरुणांना सांगायला हवे. त्यापूर्वी शिकार परवान्यावर चाले. जंगलाचे शिकारीसाठी ब्लॉक पाडलेले असत. साहेब, संस्थानिक आणि पुढे पैसेवाले पाहुणे येत, गावकरी हाका घालत आणि मचाणावरून गोळी सुटे. नव्या कायद्याने वाघाच्या शिकारीला आळा घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेची परवानाधारक शिकारच संपली. हे चांगलेच झाले असे आम्ही मानतो. पण त्याच ओघात दुसरेही घडले. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना गौण वनोपजावर हक्क दिला, मात्र शिकारीचा पारंपरिक हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. ज्यांनी हौसेसाठी वाघ मारले आणि ज्यांनी पोटासाठी ससा धरला, त्यांना कायद्याने एकाच पंगतीला बसवले. एटापल्ली-भामरागडच्या माडिया बांधवाला यात न्याय दिसत नसेल, तर त्याला दोष देणे आम्हांला जमणार नाही.

आता मुख्य प्रश्न. वाघाला मारणे पाप आहे का? संत थॉमस अक्वायनस यांच्या मते माणसाने आपल्या गरजेसाठी प्राण्याचा जीव घेणे हे स्वतःत पाप नाही. स्वसंरक्षणाविषयी लिहिताना मात्र त्यांनी एक मर्यादा घातली आहे : जीव वाचवण्यासाठी लागेल तेवढेच बळ वापरावे, त्याहून अधिक वापरले तर कृत्य अयोग्य ठरते. हे त्यांनी माणसामाणसांविषयी लिहिले आहे, तरी ती मर्यादा इथेही उपयोगी पडते. गंमत म्हणजे आपला कायदाही जवळपास हेच सांगतो. त्याच्या अकराव्या कलमानुसार वाघ माणसाच्या जिवाला धोका झाला असेल, तर राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. पण पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलवणे शक्य नाही याची खात्री झाल्यावरच. यवतमाळ जिल्ह्यातील टी-१ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळीने मारली गेली. वर्धा नदीपलीकडे, आपल्या शेजारच्या राजुऱ्यात अनेकांचे बळी घेणारा आरटी-१ वाघ मात्र ऑक्टोबर २०२० मध्ये जिवंत पकडला गेला. म्हणजे कायदा वाघाला माणसाच्या वर बसवतो असे जे बोलले जाते, ते खरे नाही. उशीर होतो, ही तक्रार मात्र खरी आहे, आणि उशिराची किंमत माणसे जिवाने मोजतात.

रानडुकराची गोष्ट वेगळी. तिथे प्रश्न बहुधा जिवाचा नसतो, पिकाचा असतो. वर्षभराचे धान एका रात्रीत लोळवले गेले की शेतकऱ्याला ते जिवासारखेच वाटते. जून २०१६ मध्ये यावरून केंद्रातल्या दोन मंत्र्यांत जाहीर वाद झाला. चंद्रपुरात ५३ रानडुकरे मारली, असे सांगत मनेका गांधींनी संताप व्यक्त केला. राज्याच्या मागणीवरून आणि शेतकऱ्यांच्या नुकसानीसाठी परवानगी दिली, असे प्रकाश जावडेकर म्हणाले. ख्रिस्तसभेची शिकवण इथे दोन्ही बाजूंना टोचणारी आहे. प्राण्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. तसेच, माणसांचे दुःख हलके करण्यासाठी जो पैसा आधी जायला हवा तो प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. दिल्लीत बसून डुकरासाठी रडणे सोपे आहे. मूल तालुक्यात रात्रभर माळ्यावर जागणाऱ्याला ते विचारून पाहावे.

तरीही शेताभोवती सोडलेल्या विजेच्या तारेचे समर्थन आम्ही करू शकत नाही. गोळी झाडणारा समोर काय आहे ते पाहतो. तार पाहत नाही. डुकरासाठी लावलेल्या तारेला वाघ चिकटतो, गाय चिकटते, पहाटे पाणी बघायला निघालेला शेजारीही चिकटतो. एप्रिल २०१७ मध्ये नागभीड भागात श्रीनिवास नावाचा वाघ असाच मेला आणि त्याला शेतातच पुरून टाकले गेले. सौर कुंपणाची झटका मशीन हिसका देते, जीव घेत नाही.

आता बैलाच्या मालकाकडे वळू. प्राचीन रोमन कायद्यात रानातला प्राणी कोणाच्याच मालकीचा नसे. जो धरील त्याचा. आज आपल्या देशात तसे म्हणता येईल का? वाघाची गणना शासन करते, त्याला क्रमांक शासन देते, त्याला पाहण्याचे तिकीट शासन फाडते आणि त्याला मारण्याचा आदेशही शासनच देते. मग मालक या शब्दाचा आणखी कोणता अर्थ उरला? आणि मालकाला ताकीद मिळालेली आहे. महाराष्ट्रातील वाघांची अंदाजित संख्या २०१८ साली ३१२ होती, २०२२ च्या गणनेत ती ४४४ झाली. ताडोबाबाहेरच्या जंगलांतही वाघ राहतात हे वनविभागाइतके कोणाला ठाऊक आहे? ही वाढ अभिमानाचीच गोष्ट आहे. पण अभिमान मुंबई-पुण्याच्या पर्यटकाचा आणि भीती तेंदू तोडणाऱ्या बाईची, अशी ही वाटणी आहे. सफारीमुळे बफरमधील काही तरुणांना गाइड आणि चालक म्हणून काम मिळाले, हेही नाकारायचे नाही.

म्हणून केरळसारखा बदल इथे झाला तरी आमचे समाधान व्हायचे नाही. झटपट गोळीची परवानगी म्हणजे त्या नियमाचा फक्त पहिला भाग : बैल मारला, मालक मोकळा. बैल आवरण्याचे काम वेगळे आहे आणि ते रोजचे आहे. सरपणासाठी जंगलात जावे लागू नये म्हणून गॅस, शेताला सौर कुंपण, आणि वाघ कोणत्या बाजूला आहे याची वेळेवर खबर. जन-वन विकास योजनेतून बफर गावांना यांपैकी काही मिळतेही. वृत्तपत्रात त्याची बातमी होत नाही, गोळीची होते.

वाघाच्या हल्ल्यात माणूस गेला तर आता वारसांना २५ लाख रुपये मिळतात. ही रक्कम मिळालीच पाहिजे. मात्र निर्गम ग्रंथात दोषी मालकाकडून जी रक्कम घेतली जाते, तिला मृताची किंमत म्हटलेले नाही. ती मालकाच्या स्वतःच्या जिवाची खंडणी आहे. तो मरायला पात्र होता, पैसे भरून वाचला. आणि बैलाचे मांस खाऊ नये, याचे कारण तिथे दिलेले नाही. त्या मृत्यूतून कोणालाही लाभ होऊ नये, असा अर्थ आम्ही लावतो. केरळात मारलेले रानडुक्कर पुरावे लागते. ते खाऊ द्या, अशी मागणी तिथे होत असते. मांस खायला मिळू लागले की कोणते डुक्कर उपद्रवी आणि कोणते नाही, हे ठरवणाऱ्याचे पोट मध्ये येणार, म्हणून ती मागणी आम्हांला पटत नाही.

आपल्यापैकी काहींची माणसे सिंदेवाही, मूल, नागभीड या बाजूला आहेत. उन्हाळ्यात तेंदूचा हंगाम सुरू झाला की बायका अंधार असतानाच घराबाहेर पडतील, वाकून पाने तोडतील आणि दुपारी पुडे घेऊन फळीवर येतील. वाघीण पिलांसह कोणत्या भागात फिरते आहे, याची छायाचित्रे वनविभागाच्या कॅमेऱ्यांत येत असतात. ती माहिती आदल्या संध्याकाळी गावात पोहोचते का, हे ग्रामसभेत उठून विचारण्यासाठी कोणताही कायदा बदलावा लागत नाही.