दोनदा मोजलेली मोसंबी

सोलापूर-धुळे महामार्ग बीड जिल्ह्यातून गोदावरीचा पूल ओलांडतो आणि अंबड तालुक्यातलं शहागड लागतं. तिथल्या एका बागाईतदार आबांची दोन नातवंडं सडकेच्या कडेला बसली होती. दोघांपुढे वाट्याच्या २५-२५ मोसंब्या होत्या.

दादा बहिणीला म्हणाला, "छकुले, येणाऱ्या ट्रकच्या चार आकडी नंबराला २ ने किंवा ३ ने पूर्ण भाग गेला, तर तू मला १ मोसंबी द्यायची. नाही गेला, तर मी तुला ४ देईन."

दादाने मनात हिशेब केला होता. दर सहा संख्यांत तिघींना २ ने भाग जातो, दोघींना ३ ने. तीन आणि दोन पाच. म्हणजे सहा ट्रकांमागे ५ मिळतील, ४ जातील.

पहिला ट्रक आला, ४५२७. छकुलीने बोटांवर मोजलं, "चार नि पाच नऊ, नऊ नि दोन अकरा, अकरा नि सात अठरा. तीनने भाग जातो!" दादा खूश झाला. पण ३० ट्रक गेले, तेव्हा तो १९ वेळा जिंकला होता, ११ वेळा हरला होता. १९ मिळाल्या, ४४ गेल्या. टोपली रिकामी.

"आबा, नशीबच फुटकं माझं!"

आबांनी सहा मोसंब्या मागवून कोळशाने त्यांवर १ ते ६ आकडे घातले. "दोनच्या भागाच्या उचल." दादाने २, ४, ६ उचलल्या. "आता तीनच्या." दादाने ३ घेतली आणि ६ साठी हात पुढे केला. ती त्याच्याच ओंजळीत होती.

"सहा तू दोनदा मोजलीस, बाळा. पाच नाहीत, चारच. सहांत चारदा जिंकणार, दोनदा हरणार. ४ येणार, ८ जाणार. १ पासून ९९९९ पर्यंतचे सगळे नंबर तपास, जिंकणारे ६६६६ च भरतील, बरोबर दोन तृतीयांश."

मग आबा हळू आवाजात म्हणाले, "मीही चुकलोय रे. बागेचे पैसे आले, त्यातच मी विहिरीचं काम धरलं आणि त्यातच घराचे पत्रे. पैसा एकच होता. विहीर झाली, घर पावसाळाभर गळलं."

छकुलीने आपल्या ढिगातल्या निम्म्या मोसंब्या दादाच्या टोपलीत टाकल्या. दादाने त्या एकेक करून, एकदाच मोजल्या.

तात्पर्य: बेरीज करण्याआधी पाहावं, एकच गोष्ट दोन्हीकडे तर धरली नाही ना.