दुरुस्त झालेले घड्याळ तेच असते का?

चावीचे मनगटी घड्याळ न बदलता टिकूच शकत नाही. चावी दिली की मेनस्प्रिंग गुंडाळली जाते, उलगडताना ती दातेरी चाकांची माळ फिरवते आणि बॅलन्स व्हील त्या उलगडण्याला लगाम घालून वेळेचे सारखे तुकडे पाडते. एचएमटीच्या ‘जनता’ घड्याळात असे ठोके तासाला १८,००० पडतात; दिवसाला ४,३२,००० आणि सतत चालू ठेवल्यास वर्षाला १५ कोटींहून अधिक. चाकांच्या आसांची टोके कृत्रिम माणकांच्या छिद्रांत फिरत असली, तरी त्यांना दिलेले तेल काही वर्षांत घट्ट होते किंवा सुकते. मग धातू झिजू लागतो. स्प्रिंग थकते, काचेवर ओरखडे येतात, पाणी अडवणारी रबरी रिंग कडक होते. असे घड्याळ जपायचे, तर ते वेळोवेळी उघडून, धुऊन, तेल देऊन, प्रसंगी त्याचे भाग बदलून जपावे लागते. तीस-चाळीस वर्षांनी त्यात मूळचे किती उरले, आणि जे उरले ते ‘तेच’ घड्याळ आहे का, हा प्रश्न म्हणूनच केवळ संग्राहकांचा नाही. वस्तूचे ‘तेच असणे’ कशात असते, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न त्यात आहे.

युरोपात तो गलबताच्या निमित्ताने विचारला गेला. थीसियसचे गलबत अथेन्सच्या लोकांनी कुजलेल्या फळ्यांच्या जागी नव्या बसवत जपले आणि ते तेच की दुसरे यावर विचारवंतांत दोन तट पडले, असे प्लुटार्कने थीसियसच्या चरित्रात नोंदवले आहे. थॉमस हॉब्जने १६५५ मध्ये त्याला पुढचा पेच जोडला: काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी साठवून त्याच क्रमाने पुन्हा जोडल्या, तर खरे गलबत कोणते? जॉन लॉकने मात्र थेट घड्याळच हाती घेतले. त्याच्या मानवी आकलनावरील ग्रंथाच्या १६९४ मधील दुसऱ्या आवृत्तीत अभिन्नतेवर एक नवे प्रकरण आले. त्यात घड्याळ म्हणजे एका हेतूसाठी केलेली भागांची योग्य रचना, असे तो मांडतो. सतत दुरुस्त होणारे, भाग बदलत राहणारे यंत्र प्राण्याच्या देहासारखेच ठरेल. फरक एवढाच की प्राण्याची हालचाल आतून येते आणि यंत्राला बळ बाहेरून मिळते.

हा फरक लॉकने चालता चालता सांगितला असला, तरी घड्याळाच्या बाबतीत तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. चावी देणारी बोटे घड्याळाबाहेरची असतात. ऑटोमॅटिक घड्याळातही आतला रोटर फिरतो तो वापरणाऱ्याच्या हाताच्या हालचालीने. तेल देणारा घड्याळजीही बाहेरचाच. देह स्वतःची झीज स्वतः भरून काढतो, घड्याळाची झीज दुसऱ्याने भरावी लागते. त्याची गती आणि त्याचे सातत्य दोन्ही माणसावर अवलंबून असतील, तर त्याची ओळख केवळ त्याच्या धातूत शोधणे अपुरे आहे.

हॉब्जचा पेच मुंबईच्या जुन्या घड्याळांच्या बाजारात नेहमीचा व्यवहार होऊन बसला आहे. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळांचा कारखाना सुरू केला. पहिली नोकरी, लग्न, निवृत्ती अशा प्रसंगी भेट म्हणून ही घड्याळे भारतभर घरोघरी पोहोचली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. कारखान्याकडून नवे भाग मिळेनासे झाले की दुरुस्तीला लागणारे भाग बंद पडलेल्या दुसऱ्या घड्याळांतून येतात. एकाचे मशीन, दुसऱ्याची केस, तिसऱ्याचे काटे आणि नव्याने रंगवलेली तबकडी मिळून एक घड्याळ उभे राहते. कधी तबकडीचा रंग असा असतो, जो कारखान्याने कधी काढलाच नव्हता. संग्राहक अशा जुळवणीला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. तिच्याकडे तुच्छतेने पाहण्याचे कारण नाही. वेळ दाखवणे हा हेतू ती पुरा करते आणि भंगारात जाणारे भाग वाचवते. दोष येतो तो तिला ‘ओरिजिनल’ म्हणून विकताना, म्हणजे जो इतिहास तिचा नाही तो तिच्या नावावर चढवताना.

भारतीय दर्शनांनी हाच प्रश्न अधिक बारकाईने चिकित्सिला आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद रथातून आला म्हणतो, तेव्हा भिक्षू नागसेन त्याला विचारतो: आस म्हणजे रथ का? चाके? जू? की या सर्वांहून वेगळे काही? प्रत्येकाला नकार मिळतो. ‘रथ’ हे भागांच्या आधाराने चालणारे व्यवहारातले नाव ठरते. त्याच ग्रंथात रात्रभर जळणाऱ्या दिव्याची ज्योत येते: पहिल्या प्रहराची ज्योत शेवटच्या प्रहरी तीच नसते, आणि अगदी निराळीही नसते.

न्यायदर्शनाला हे मान्य नाही. अवयवांहून वेगळा ‘अवयवी’ खरोखर असतो, नाहीतर वस्तूचा एक भाग धरून ओढल्यावर सगळी वस्तू कशी येईल, असा नैयायिकांचा प्रतिवाद आहे. पण या वास्तववादाची किंमत मोठी आहे. अवयवी विशिष्ट अवयवांच्या संयोगातून उपजत असल्याने एक अवयव निखळला की जुना अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्यांतून नवा उपजतो, असे न्याय-वैशेषिकांना म्हणावे लागते. या हिशेबाने मेनस्प्रिंग बदलून आणलेले घड्याळ काटेकोरपणे दुसरेच आहे. ‘तेच’ ही ओळख साम्यामुळे पटते. बौद्ध मताने घड्याळजीच्या टेबलावर सुटे पडलेले घड्याळ तूर्त केवळ भागांची रास आहे. न्यायमतानेही त्या वेळी घड्याळ अस्तित्वात नाही. एरवी कडाडून भांडणारे हे दोन पक्ष इथे जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन थांबतात, आणि घरचे घड्याळ दुरुस्तीला टाकलेल्या माणसाचे समाधान दोघांकडूनही होत नाही. आपले घड्याळ आहे, फक्त उघडून ठेवले आहे, असे तो म्हणतो.

त्याच्या म्हणण्याला जागा मिळते ती जैन विचारात. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रानुसार जे सत् आहे त्यात उत्पत्ती, नाश आणि ध्रुवता तिन्ही एकत्र असतात. समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसे’त यासाठी सोन्याचा दृष्टान्त दिला. सोन्याचा घट मोडून मुकुट केला, तर घट हवा असणारा शोक करतो, मुकुट हवा असणारा आनंदतो आणि ज्याला सोनेच हवे तो मध्यस्थ राहतो. घड्याळांच्या जगात हे शब्दशः घडले आहे. सोन्याचा भाव चढला, तेव्हा कितीतरी जुन्या सोन्याच्या केस वितळवल्या गेल्या आणि त्यांतली चालू मशीन उघडी पडली. सोनाराच्या दृष्टीने काहीच नष्ट झाले नव्हते. ज्याच्या आजोबांचे घड्याळ गेले, त्याच्या दृष्टीने सर्व काही संपले होते. कोणत्या अंगाने पाहतो ते सांगितल्याशिवाय ‘तेच का’ याला उत्तर नाही. मशीनच्या अंगाने एक, केसच्या अंगाने दुसरे, घरातल्या आठवणीच्या अंगाने तिसरे, आणि ही तिन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकतात. या प्रश्नापुरता हाच मार्ग सर्वांत समाधानकारक वाटतो.

केसचा धातू निवडणे हाही अशाच एका अंगाची निवड करणे आहे: कोणता बदल पत्करायचा? अठरा कॅरेटच्या केसमध्ये सोने ७५ टक्के असते. ते गंजत नाही, पण मऊ असल्याने त्यावर चरे पटकन उठतात. जुन्या स्वस्त घड्याळांत क्रोमचा किंवा सोन्याचा मुलामा दिलेले पितळ असे. घामाने मुलामा उडाला की आतले पितळ खड्डे पडत खाल्ले जाते, आणि ही झीज पॉलिशने भरून येत नाही. आज बहुतेक केस ३१६एल या स्टेनलेस स्टीलच्या असतात. त्यातल्या १६ ते १८ टक्के क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बनतो. ओरखडा पडला की हवेतल्या ऑक्सिजनने तो पुन्हा धरतो. स्टील टिकते ते हा थर पुन्हा पुन्हा नवा होत असल्यामुळे. टायटॅनियमची घनता स्टीलच्या निम्म्याहून थोडीच अधिक आहे आणि निकेलने ज्यांच्या त्वचेला खाज सुटते, त्यांना ते सोसते. ब्राँझ हवेने आणि घामाने रंग बदलत जाते. ते घेणाऱ्याने काळाची खूण आधीच स्वीकारलेली असते. झिर्कोनियम ऑक्साइडच्या सिरॅमिकचे वागणे उलटे आहे. त्यावर सहसा ओरखडा उठत नाही, वर्षानुवर्षे ते नवेच दिसते, पण फरशीवर पडून तडा गेला तर तो बुजवता येत नाही, पूर्ण केस बदलावी लागते.

पॉलिशबद्दल इथे स्पष्ट बोलायला हवे. प्रत्येक पॉलिश धातूचा एक थर घेऊन जाते. केसच्या धारदार कडा गोल होतात, मागच्या झाकणावरची कोरीव अक्षरे पुसट होतात. नवेपणाच्या हौसेने वारंवार पॉलिश केलेले घड्याळ वापराच्या खुणांबरोबर आपला आकारही गमावते. दुरुस्ती झीज थांबवण्यासाठी असते, आणि या अर्थाने पॉलिश ही बहुतेक वेळा दुरुस्ती नव्हेच.

मालकीचा प्रश्नही याला लागूनच येतो. उमास्वाती परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून करत नाहीत. मूर्च्छा, म्हणजे आसक्ती, हाच परिग्रह. त्यामुळे एकच घड्याळ असणाराही परिग्रही असू शकतो. अपरिग्रहाचे व्रत घेतलेले गांधीजी खिशातले घड्याळ काटेकोरपणे वापरत, कारण वेळ ही त्यांच्या लेखी लोकांची ठेव होती. त्यांचे झेनिथ घड्याळ चष्मा, चपला, ताट आणि वाटी यांच्यासह २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १८ लाख डॉलरना गेले. धातू तोच, मशीन तेच. पण वापरायचे साधन होते ते ताब्यात ठेवायची वस्तू झाले. दुरुस्त करून वापरणे आसक्तीपासून काहीसे दूर नेते, कारण चालू ठेवलेल्या घड्याळाची झीज आणि त्याचे बदलणारे भाग मान्य करावेच लागतात. तिजोरीत बंद ठेवलेल्या घड्याळाचे तेलही सुकतेच.

अनेक घड्याळजी केसच्या मागच्या झाकणाच्या आत बारीक टोकाने तारीख आणि स्वतःची खूण कोरत आले आहेत. जुने झाकण उघडले की तिथे वेगवेगळ्या हातांच्या खुणा एकाखाली एक सापडतात. घड्याळाच्या सातत्याचा याहून भक्कम पुरावा मशीनवरच्या क्रमांकातही मिळत नाही, कारण क्रमांक जन्म सांगतो आणि या खुणा सांभाळ सांगतात. झाकणच बदलावे लागले, तर जुने झाकण फेकू नये. काढलेल्या काट्यांसह आणि मेनस्प्रिंगसह ते डबीत ठेवून कोणता भाग कधी बदलला याची चिठ्ठी सोबत द्यावी. मुलाला देताना किंवा गिऱ्हाइकाला विकताना ती चिठ्ठी हाती असली, म्हणजे कोणत्या अंगाने हे घड्याळ जुने आणि कोणत्या अंगाने नवे, हे घेणाऱ्याला स्वतःच ठरवता येते.